वाचकांचे प्रश्न : मंत्रांवाचून वंश

प्रश्न : आम्ही पाच जण दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रे रंगवून आणि फासे टाकून खेळायचा खेळ खेळतो आणि वर्षभरापासून डीएमची, म्हणजे गोष्ट आणि नियम चालवणाऱ्याची, खुर्ची माझ्याकडे आहे. नव्या कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीसाठी, मी पात्रांचे स्वतःचे चार वंश तयार केले. कड्यांवर राहणाऱ्यांना दिवसातून एकदा उडण्याचा मंत्र दिला, रात्री वावरणाऱ्यांना अंधार पसरवण्याचा, जंगलातल्यांना प्राण्यांशी बोलण्याचा आणि पाण्यातल्यांना धुके निर्माण करण्याचा. कागदावर हे छान दिसत होते. मात्र तीन सेशन होईपर्यंत आपण कोणत्या वंशाचे आहोत हेच खेळाडू विसरले आणि जादूगार खेळणारा मित्र तर चक्क खट्टू झाला. एकही मंत्र न देता वंश वेगळा कसा करावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपला मित्र खट्टू झाला नसता तरच नवल होते. उडण्याचा मंत्र तिसऱ्या पातळीचा आहे आणि जादूगाराला तो स्वतः पाचव्या लेव्हलला, म्हणजे अनुभवाच्या पाचव्या पायरीवर, पोहोचल्यावर हाती येतो. तोपर्यंत बिचाऱ्याने कित्येक सेशन सात-आठ हिट पॉइंटांवर (ते शून्य झाले की पात्र कोसळते) जीव मुठीत धरून काढलेले असतात. तीच गोष्ट आपण शेजारच्या योद्ध्याला पहिल्याच दिवशी जन्मसिद्ध हक्क म्हणून देऊन टाकली.

यात दोष आपल्या एकट्याचा नाही, कारण ही सवय छापील नियमांनीच लावलेली आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला टीफलिंग, म्हणजे सैतानी रक्ताचा वंश, घ्या. त्याला पहिल्या लेव्हलपासून एक किरकोळ चमत्कार करता येतो, तिसऱ्या लेव्हलला मारणाऱ्यावर आग उलटवण्याचा मंत्र मिळतो आणि पाचव्या लेव्हलला अंधार पसरवण्याचा. हे शेवटचे दोन्ही एकेकदा वापरले की पुढच्या लाँग रेस्टपर्यंत, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीपर्यंत, बंद. उच्चकुलीन एल्फला जादूगाराच्या यादीतला एक छोटा मंत्र फुकट मिळतो. पुस्तकातच ही सोय आहे म्हटल्यावर घरी वंश घडवणाराही मंत्रांचे प्रकरण उघडतो आणि त्यातला एक उचलून चिकटवतो. पल्ला, अवधी, परिणाम असे सारे तिथे आधीच लिहून ठेवलेले असल्यामुळे लिहिण्याचे कष्टही वाचतात.

अडचण अशी की मंत्र कोणत्याच वंशाचा नसतो. तो यादीतला, म्हणजे सर्वांचा असतो, आणि ज्याचा तो धंदाच आहे त्याला तो जास्त वेळा व जास्त चांगला जमतो. सकाळी एकदा वापरला की उरलेला दिवस तो खेळाडू वेगळ्या रंगाच्या कातडीचा माणूस होऊन राहतो. त्यातून करिष्मा, म्हणजे त्याच्या मंत्राचा जोर ठरवणारी क्षमता, जेमतेम ८ असलेला योद्धा टीफलिंग असेल तर त्याच्या आगीची इजा निम्मी करण्यासाठी शत्रूला तिसऱ्या लेव्हलला फासा टाकून अवघे ९ गाठावे लागतात, म्हणजे वंशाची ओळख ठरणारा गुण त्याच्याच हातात बोथट होतो.

त्याच पुस्तकातले दुसरे काही गुण मात्र वर्षानुवर्षे लक्षात राहतात. बुटक्या हाफलिंगचा वीस बाजूंचा फासा १ वर पडला तर तो पुन्हा टाकता येतो. हाफ-ऑर्क शून्यावर कोसळण्याऐवजी लाँग रेस्टमागे एकदा एका हिट पॉइंटवर उभा राहतो. ड्वार्फचा वेग मुळातच २५ फूट असतो, पण जड चिलखताने तो आणखी कमी होत नाही. एल्फ झोपत नाही, चार तास ध्यानस्थ बसतो, त्यामुळे रात्रीचा पहारा ठरवताना दर वेळी त्याचे नाव निघतेच. यांतल्या एकाही गुणाला मंत्र लागत नाही आणि प्रत्येक गुण त्या त्या शरीराबद्दल काहीतरी सांगून जातो. माझ्या टेबलावर हाफलिंगचा एक्का पडला की तो खेळणारा गप्प असतो आणि बाकीचे चौघे ओरडतात.

म्हणून वंश घडवताना मंत्रांची यादी मिटून ठेवावी आणि हे शरीर दिवसभर काय करते असा प्रश्न विचारावा. त्याला काय जाणवते, ते कसे चालते, काय खाते, कुठे झोपते आणि मुख्य म्हणजे त्याला काय जमत नाही, हे लिहून काढावे. आपले रात्री वावरणारे लोक याच पद्धतीने पुन्हा घडवून पाहू.

त्यांना नुसती अंधारदृष्टी देऊन भागणार नाही. २०१४ च्या मूळ नऊ वंशांपैकी सहांना ती आहे. माणूस, हाफलिंग आणि ड्रॅगनबॉर्न सोडले तर सगळेच अंधारात पाहतात, मग तिचे कौतुक कोणाला? त्यापेक्षा सह्याद्रीतल्या चापड्याकडे पाहावे. या हिरव्या विषारी सापाच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मध्ये एक खळगा असतो आणि त्यातल्या पातळ पडद्याला समोरच्या वस्तूची उष्णता जाणवते. घोणस आणि फुरसे हेही विषारीच, पण त्यांना हे खळगे नसतात. गार पार्श्वभूमीवर उबदार उंदीर चापड्याला स्पष्ट कळतो. भोवतालही तितकाच तापलेला असेल तर ही जाण मंदावते. आपल्याला हवा तो नियम या शेवटच्या वाक्यात आहे. मी तो असा लिहिला असता : ‘तीस फुटांच्या आत उष्ण रक्ताचा प्राणी असेल तर अंधारात, धुक्यात किंवा कापडी पडद्यामागेही तो कोठे आहे हे तुम्हाला कळते, तो कोण आहे हे कळत नाही. नुकत्याच सोडलेल्या जागेची ऊब दहा मिनिटे जाणवते. उन्हाने तापलेल्या कातळावर किंवा मोठ्या आगीच्या वीस फुटांत ही जाण चालत नाही.’

जुन्या खेळाडूंना यावरून इन्फ्राव्हिजनची आठवण होईल आणि ती रास्त आहे. पूर्वीच्या आवृत्त्यांत ड्वार्फ आणि एल्फ उष्णताच पाहत असत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तिची जागा सरळसोट अंधारदृष्टीने घेतली. मशाल पेटली की काय दिसते, थंड प्रेत दिसते का, भिंतीवर लिहिलेले वाचता येते का, असे वाद त्या नियमामुळे सतत होत. सहा-सात वंशांना तो गुण असताना ते वाद डोकेदुखीच होते हे मान्य आहे. पण तो एकाच वंशाला दिला आणि मर्यादा आधीच लिहून ठेवल्या, तर हेच वाद खेळाचा भाग होतात.

मी हा वंश गेल्या पावसाळ्यात टेबलावर आणला. पार्टी (पात्रांची टोळी) एका ओसाड धर्मशाळेत शिरली. दरोडेखोर निघून गेले आहेत अशी सर्वांची समजूत होती आणि मीही तेवढ्याच तयारीने बसलो होतो. उष्णता जाणणारे पात्र खेळणारीने फासा उचलला नाही. तिने विचारले, ‘चूल किती गरम आहे?’ मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, चुलीचे दगड कोमट आहेत, जमिनीवर चार चटया आहेत, त्यांतल्या तीन गार आहेत. पुढचा पाऊण तास त्या चौथ्या चटईवरच्या माणसाचा शोध चालला. तो माळ्यावर धान्याच्या पोत्यांमागे होता. पोती जाड असल्याने त्याची ऊब खाली पोहोचत नव्हती, पण वर जाणाऱ्या शिडीच्या दोन पायऱ्या अजून उबदार होत्या. दडलेला माणूस दाखवणारा एखादा मंत्र दिवसातून एकदा दिला असता तर हे सारे एका वाक्यात संपले असते.

आता कड्यांवरचे लोक. पहिल्या लेव्हलला उडता येणारे पात्र आले की दरी, तटबंदी, नदी, सापळ्यांची जमीन असे निम्मे अडथळे आपोआप बाद होतात, आणि डीएम प्रत्येक साहस छताखाली नेऊ लागतो. गोवा-कर्नाटकापासून केरळपर्यंतच्या पश्चिम घाटात आढळणारा उडता सरडा खरे तर उडत नाही. लांबलेल्या फासळ्यांवर ताणलेला पडदा उघडून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडाच्या खालच्या भागावर तरंगत उतरतो. आपल्या लोकांना हेच द्यावे. दहा फूट खाली येताना वीस फूट पुढे जाता यावे, हात मोकळे असावेत, अंगावर जड चिलखत नसावे आणि पडदा ओला असेल तर तरंगता येऊ नये.

हा गुण लहान वाटेल, पण हिशेब करून पाहा. पडण्याची इजा दर दहा फुटांना एक सहा-बाजूंचा फासा, म्हणजे चाळीस फुटांवरून चार फासे, सरासरी १४. कमाल सात हिट पॉइंट असलेला जादूगार एवढ्या इजेने बेशुद्धही पडत नाही, जागीच मरतो, कारण शून्यावर आल्यानंतर उरलेली इजा त्याच्या कमाल हिट पॉइंटांइतकी होते. तरंगणारा मात्र कडा उतरून येतो. पण वर जायचे असेल तर त्यालाही इतरांसारखेच हातापायांनी चढावे लागते, म्हणून दोर, खुंट्या आणि सोबती यांची गरज संपत नाही. आणि पाऊस पडू लागला की सगळे टेबल त्याच्याकडे पाहते.

पाण्यातल्या आणि जंगलातल्या लोकांचे काम सोपे आहे. नियमांप्रमाणे साधारण पात्र एक मिनिट अधिक आपल्या कॉन्स्टिट्यूशनच्या, म्हणजे शारीरिक काटकपणाच्या, मॉडिफायरइतकी मिनिटे श्वास रोखू शकते. पाण्यातल्यांना ती मुदत पंधरा मिनिटे करावी आणि त्याबदली दिवसातून एकदा अंग भिजवण्याची सक्ती ठेवावी, म्हणजे वाळवंटात पखालीतल्या पाण्याचा हिशेब सर्वांनाच ठेवावा लागेल. समुद्रावर राहून पिढ्यान्पिढ्या बुड्या मारणाऱ्या आग्नेय आशियातल्या बाजाऊ लोकांची प्लीहा (बुडी मारताना ऑक्सिजनयुक्त रक्त पुरवणारा अवयव) शेजारच्या शेतकरी लोकांपेक्षा बरीच मोठी असल्याचे २०१८ मध्ये दिसून आले. तेव्हा हा गुण अगदीच कल्पनेतला नाही. जंगलातल्यांना प्राण्यांशी बोलू देऊ नये, त्यांना वास ओळखू द्यावा. हरिण बोलू लागले की ते साक्षीदार होते आणि डीएमला त्याच्या तोंडी संवाद घालावे लागतात. वासाचा अर्थ मात्र खेळाडूला लावावा लागतो.

प्रश्न : मंत्राला निदान पातळी तरी असते, त्यावरून तो किती ताकदीचा आहे ते कळते. शारीरिक गुण मोजायचा कसा? मी दिलेला वंश इतरांपेक्षा वरचढ झाला आहे हे मला खेळ बिघडल्यावरच कळते.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गुणांना किंमत लावण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९८६ च्या गर्प्स या खेळात प्रत्येक गुणाला आणि दोषाला पॉइंट आहेत, आणि पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाने २०१२ मध्ये वंश बांधण्याचे पॉइंटांचे कोष्टकच छापले. ही कोष्टके पहिल्या अंदाजाला बरी पडतात, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये असे माझे मत आहे. पाण्याखाली श्वास घेण्याची किंमत वाळवंटातल्या कॅम्पेनमध्ये शून्य असते आणि चाच्यांच्या कॅम्पेनमध्ये अफाट. कोष्टकाला आपले कॅम्पेन माहीत नसते.

थोडे गणित मात्र जरूर करावे, कारण डोळ्यांना जे मोठे वाटते ते पुष्कळदा लहान निघते. हाफलिंगचा एक्का वीसात एकदा येतो. यशाची शक्यता ५० टक्के असेल तर फेरफाशामुळे ती ५२.५ होते, बस. म्हणजे हा गुण आकड्यांत किरकोळ आहे, आणि तरीही तो सर्वांच्या लक्षात राहतो. उलट अॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घेणे, हे कागदावर दोन शब्दांचे दान आहे. पण अकरा किंवा अधिक हवे असताना ते ५० टक्क्यांचे ७५ करते. नवे डीएम ते खिरापतीसारखे वाटतात. ‘सर्व पर्सेप्शनवर (आसपासचे टिपण्यावर) अॅडव्हान्टेज’ असे लिहिण्याआधी हाताला थोडी अडखळ यायला हवी. ‘वासावर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनवर’ एवढे लिहिले तरी पुरे.

पूर्ण अभेद्यता तर देऊच नये. विष बाधतच नाही असे म्हटले की विषाचा पेला, विषारी बाण, राजवाड्यातली मेजवानी हे सारे प्रसंग त्या पात्रापुरते विझतात. ड्वार्फला विषाविरुद्ध अॅडव्हान्टेज आहे आणि इजा निम्मी होते, तरी पेला उचलताना खेळाडू एकदा डीएमच्या तोंडाकडे पाहतोच.

आपल्या प्रश्नातला ‘खेळ बिघडल्यावर कळते’ हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मी खेळाडूला कॅरेक्टर शीटच्या, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदाच्या, मागे दोन ठिकाणी रेघा मारायला सांगतो : गुण कामी आला की एकीकडे, उणीव अडली की दुसरीकडे. चार सेशननंतर पहिल्या बाजूला दोनच रेघा असतील तर गुण फार अरुंद आहे. प्रत्येक प्रसंग त्यानेच सुटत असेल तर तो फार रुंद आहे. आणि दुसरी बाजू कोरी राहिली असेल तर दोष डीएमचा असतो, कारण उणीव लिहून ठेवून तो ती विसरलेला असतो.

गुण आवळायचा झाला तर आपला हात सहज ‘दिवसातून एकदा’ या शब्दांकडे जातो. तिथे थांबावे. हे शब्द मंत्रांच्या दुनियेतले आहेत. त्यांनी शरीराचे पुन्हा यंत्र होते. डोळे दिवसातून एकदा चालत नाहीत. मंत्राला घड्याळ अडवत असेल तर शरीराला ऊन, ओल, वारा, दाट कापड, थकवा यांनी अडवावे. घड्याळापुढे खेळाडू काहीच करू शकत नाही, पण उन्हापुढे तो सावली शोधतो, आणि शत्रूही तेवढाच शहाणा असू शकतो. वर सांगितलेल्या उष्णता जाणणाऱ्या वंशाची कीर्ती पसरली तेव्हा माझ्या दरोडेखोरांनी तळाभोवती तीन शेकोट्या पेटवायला सुरुवात केली. खेळाडूंनी आधी माझ्यावर आरडाओरड केली, मग रात्रभर दबा धरून त्यांचे सरपण चोरले.

प्रश्न : मी माझ्या दोन मुलांना आणि त्यांच्या मित्रांना मराठीतून हा खेळ खेळवते, म्हणजे त्यांच्या कानावर भाषा पडते. ‘रेस’ला मराठीत काय म्हणावे? एकदा ‘जात’ म्हटले आणि माझे मलाच खटकले. दुसरे असे की, ड्वार्फला जन्मतः कुऱ्हाड चालवता येते हे धाकट्याला पटत नाही.
— एक वाचिका, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : धाकट्याचे बरोबर आहे. २०१४ च्या नियमांत ड्वार्फला कुऱ्हाडी आणि हातोडे, एल्फला तलवारी आणि धनुष्ये जन्माबरोबरच मिळतात. पण माणसांच्या शहरात अनाथ वाढलेल्या ड्वार्फला ती कोणी शिकवली, याला नियमांकडे उत्तर नाही. काळोखात दिसणे शरीराचे आहे, हातोडा संगोपनाचा आहे. प्रकाशकांनाही हे उशिरा का होईना उमगले : २०२० च्या पुरवणीत क्षमतांची वाढ वंशाला न बांधता खेळाडूला हवी तिथे नेण्याची मुभा आली, आणि २०२४ च्या सुधारित नियमांत ती पात्राच्या पूर्वायुष्याकडे गेली. त्याच वेळी ‘रेस’ हा शब्दही वगळून ‘स्पीशीज’ हा घेतला गेला. पाथफाइंडरने तर २०१९ मध्येच ‘अँसेस्ट्री’ म्हणायला सुरुवात केली होती. मंत्र काढून घेतल्यावर रिकामी झालेली जागा लोक बहुधा अशा शिकलेल्या कौशल्यांनीच भरतात, म्हणून ही रेघ लवकर ओढलेली बरी.

शब्दाबद्दल म्हणाल तर ‘जात’ आपल्याला खटकली ते योग्यच झाले. मराठी कानाला त्या शब्दात जन्म, धंदा आणि पायरी एकदम ऐकू येतात, आणि आपल्याला नेमके तेच टाळायचे आहे. ‘वंश’ चालतो, मी या सदरात सवयीने तोच वापरला आहे. ‘प्रजाती’ अचूक आहे पण प्रयोगशाळेतला वाटतो. संस्कृतात यासाठी तयार शब्द होता : अमरकोशात विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, सिद्ध आणि भूत यांची एकत्र गणना ‘देवयोनी’ अशी केली आहे, आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनी तर आपल्या बोलण्यातच आहेत. परंतु तेरा वर्षांच्या मुलांसमोर हा शब्द उच्चारून पुढची दहा मिनिटे खेळ चालवून दाखवावा, मग मी हरलो म्हणेन. ‘गण’ मला आवडतो, कारण देवगण, मनुष्यगण, राक्षसगण हे पत्रिकेमुळे घरोघरी ठाऊक आहेत. मात्र टेबलावर कोणाची आजी बसलेली असेल तर ती लगेच नाडीही विचारेल.

आमच्या टेबलावरच्या कागदावर ‘कुळ’ असे छापले आहे. आमच्यातला एक वकील मित्र त्यावरून अजूनही कूळकायद्याचे विनोद करतो, पण शब्द रुळला. त्याखाली ‘वाढला कोठे’ अशी दुसरी ओळ आहे आणि शिकलेली प्रत्येक गोष्ट तिथेच लिहायची असा नियम आहे. उष्णता जाणणारे पात्र खेळणारीने त्या ओळीवर ‘भटारखान्यात’ असे लिहिले, आणि दगडी चुलीची ऊब पाहून स्वयंपाक किती वेळापूर्वी झाला ते सांगण्याचे कौशल्य मागून घेतले. मी ते दिले.